मीटरबाईच्या घरातली बारीक धार

इमारतीतले लोक तिला मीटरबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘वहिनी’ किंवा ‘ताई’. पण जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला की कुणीतरी हमखास पुटपुटायचं, “निघाल्या मीटरबाई.” तिलाही ते माहीत होतं. पाण्याची मीटरं तळमजल्यावर जिन्याखालच्या कोनाड्यात होती, एकाशेजारी एक, धुळीने माखलेली, कोळिष्टकांत अडकलेली. त्यांतल्या एकाच मीटरची काच लख्ख असायची. कामाला निघताना ती वाकून रुमालाने काच पुसायची, आकडा बघायची, मनाशी कालच्या आकड्याशी ताडून पाहायची, आणि मगच रस्त्याला लागायची. आकडा मनासारखा असला की दिवस सुरळीत जायचा. नसला तर कामावरच्या बायकांना तिच्या तोंडाकडे बघूनच कळायचं.

कंजूष म्हणावी तर तशी ती नव्हती. खालच्या मजल्यावरची म्हातारी पडली तेव्हा महिनाभर तिचा डबा हिनेच पोचवला, आणि डबा तोंडापर्यंत भरलेला असायचा. खर्चाचं तिला काही वाटत नसे. वाया गेलेलं मात्र तिला बघवत नसे. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की कुणीतरी उन्हात ताटकळत उभं आहे असं तिला वाटायचं आणि ती हातातलं काम टाकून उठायची. खटका दाबून परत यायची, तोवर दुसरं काही दिसायचं. फ्रीजचं दार उघडून लेक विचार करत उभी. “आधी ठरव, मग उघड.” नवऱ्याने दाढी करताना सोडून ठेवलेला नळ. “अहो, मग घ्या की पाण्यातच बसून.” भात पुरता शिजायच्या आधीच ती गॅस बंद करायची, उरलेलं काम वाफेने करायचं. साबणाच्या झिजलेल्या चकत्या जुन्या मोज्यात जमत, आणि त्या मोज्याने भांडी घासली जात. नवऱ्याचा फाटका सदरा आधी उशीचा अभ्रा व्हायचा, मग फडकं, मग पायपुसणं, आणि शेवटी सायकलच्या साखळीचं तेल पुसून त्याला मोक्ष मिळायचा. तिच्या घरचा कचऱ्याचा डबा इतक्या दिवसांनी खाली यायचा की कचरेवाली विचारायची, “बाई, तुम्ही लोक जेवता ना?”

घरात या सगळ्याची सर्वांत जास्त गंमत वाटायची ती सासऱ्यांना. बाबांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं होतं, यंत्रांच्या खडखडाटात. त्यामुळे आवाज मोठा आणि बोलण्यात कायम एक टपली.

“सूनबाई, या घरात पाण्यालाही पुनर्जन्म चुकत नाही बरं का,” ते म्हणायचे. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात, भांडी विसळलेलं पाणी लादीला, असा तिचा क्रम ठरलेला. “आम्ही मेल्यावर आमचंही काहीतरी करशील. निदान पायपुसणं तरी.”

“तुम्ही टिकाऊ कापड आहात बाबा. तुमच्या पिशव्या शिवीन.”

सासरे हसायचे, ती हसायची, आणि हसता हसता उठून बाबांच्या डोक्यावरचा पंखा एका आकड्याने कमी करायची.

घर लहानच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून न्हाणी आणि संडास एकत्र. दार फळीचं, खालून बोटभर फट. रेडिओ कुणी ऐकत नसेल तर बंद, टीव्ही कुणी बघत नसेल तर बंद, त्यामुळे दुपारी घर इतकं शांत असायचं की पलीकडच्या खोलीत कुणी चष्म्याची डबी मिटली तरी ऐकू यायची. या शांततेचा तिला अभिमान होता. कुठेही काही विनाकारण चालू नाही, एवढाच त्या शांततेचा अर्थ तिला ठाऊक होता.

मग एके दिवशी मीटरचा आकडा नेहमीपेक्षा जास्तच पुढे गेला.

आधी तिला वाटलं, पाहुणे आले होते त्याचं असेल. पण पाहुणे जाऊन आठवडा झाला तरी आकडा रोज थोडा थोडा आगाऊच. तिला चैन पडेना. सगळे नळ घट्ट बंद करून ती खाली जाऊन उभी राहिली. मीटरमधली चकती ढिम्म हलली नाही. म्हणजे गळती नाही. वर आली, विश्वास बसेना म्हणून परत खाली गेली. संडासाच्या टाकीत कपड्यांची नीळ टाकून बघितली; भांड्यात निळं पाणी उतरलं नाही. फक्त लेकीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं, कारण तिने सवयीने साखळी ओढली आणि सगळं पाणी निळंशार उतरलं.

“आई, माणसाला धडकी भरते. काय आहे हे?”

“तपास.”

“मग संशयित कोण?”

मीटरबाईने लेकीच्या लांबसडक केसांकडे पाहिलं. लेक समजली.

“केस कापून टाकू का? म्हणजे तुझं मीटर आणि मी, दोघं सुखात राहू.”

“एवढं नको. पण डोक्यावर फेस असेपर्यंत तरी नळ बंद ठेवत जा.”

प्लंबर आला. त्याने पाईपांवर पाना ठोकून पाहिला, न्हाणीतल्या नळाचा वॉशर बदलला, जुना तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, “वहिनी, पाणी कुठेही चोरून जात नाहीये. घरातलंच कुणीतरी वापरतंय.”

“घरात वापरायला आहे कोण?”

“ते मी कसं सांगू? मी प्लंबर आहे, पोलीस नाही.”

तो गेला, पण तिचा जीव काही ठिकाणावर राहिला नाही. भाजी चिरताना कान नळाकडे. जेवायला बसली की अर्ध्या घासावर उठून न्हाणीचा नळ घट्ट आहे ना ते पाहून यायची. नवरा बस चालवायचा. दिवसभर रस्त्यावरचे भोंगे ऐकून घरी आलेल्या माणसाला शांत बसायचं असे, पण ही समोरून सारखी ये-जा करायची.

“अगं, बस की जरा. तुझ्याकडे बघून मला गाडी चालवत असल्यासारखं वाटतंय.”

सुट्टीच्या एका दुपारी नवरा ड्युटीवर, लेक मैत्रिणीकडे. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. बाबा न्हाणीत गेले. दाराची कडी वाजली आणि पाठोपाठ नळ सुटल्याचा आवाज आला. अगदी बारीक धार, सुतळीएवढी. लोटी बुडाल्याचा आवाज नाही, बादली सरकल्याचा नाही. नुसतं पाणी, लादीवर पडणारं, मोरीत जाणारं.

तिने थोडा वेळ धीर धरला. धार पडतच होती. तिच्या पायाचा अंगठा आपोआप हलायला लागला. तिने एक पेंढी संपवली, दुसरी घेतली, ती अर्धवट ठेवली. शेवटी राहवेना. ती उठली, दाराशी गेली आणि बोटाच्या पेराने टकटक केली.

“बाबा, नळ चालू राहिलाय का?”

धार तत्क्षणी थांबली.

त्यानंतर आतून काहीच आवाज आला नाही. बराच वेळ नाही. मग कडी निघाली आणि सासरे बाहेर आले. कपाळ घामेजलेलं. टॉवेलने हात पुसत होते, पण हात कोरडेच होते.

“राहिलाच होता गं,” ते म्हणाले. “वय झालं. डोक्यातला वॉशर गेलाय माझ्या.”

ती हसली. मनावरचा केवढा तरी भार उतरला होता. “असू दे हो बाबा. पण बघा ना, मी गळती शोधत इमारत पालथी घातली.”

“सापडला ना चोर,” बाबा म्हणाले आणि खोलीत गेले.

संध्याकाळी जेवताना तिने सगळ्यांना ते सांगितलं. काही मनात ठेवून नाही. घरातली एक गंमत म्हणून. प्लंबर, नीळ, आणि शेवटी चोर कोण तर घरातला वडीलधारा माणूस. लेक म्हणाली, “म्हणजे माझे केस निर्दोष सुटले.” नवऱ्यालाही हसू आलं. बाबाही हसले, सगळ्यांच्या मागून.

दुसऱ्या दिवसापासून मीटरवरचा रोजचा वापर पूर्वीएवढा झाला. काच पुसताना तिला बरं वाटलं. आता सगळं जागच्या जागी होतं. तरी तिच्या आत काहीतरी थाऱ्यावर नव्हतं, आणि ते काय ते तिला सापडत नव्हतं. घर पूर्वीपेक्षा शांत झालं होतं, हे तिला जाणवत होतं, पण शांत घराची तक्रार तिने करावी तरी कशी? पुनर्जन्माचा विनोद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पंख्याचा आकडा कमी केला तर बाबा वर बघतही नव्हते.

आणि मग एका सकाळी, तिने त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली तेव्हा ते म्हणाले, “सूनबाई, मी म्हणतो, काही दिवस थोरल्याकडे जाऊन राहावं.”

“काही दिवस म्हणजे?”

“म्हणजे… राहावंच. या रविवारी येतो म्हणालाय तो गाडी घेऊन.”

“आमचं काही चुकलं का?”

“छे गं. तुझं कसलं चुकतंय. तुझं कधी काही चुकत नाही.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तिथे जरा मोकळं आहे. खोलीलाच लागून सगळं आहे.”

तिला ते झोंबलं. थोरल्या दिरांचं घर मोठं होतं, खरं होतं. पण सासूबाई गेल्यापासून बाबा इथे होते. त्यांचं पथ्य हिला पाठ, त्यांच्या चष्म्याची काडी हिने दोऱ्याने बांधलेली, त्यांचे रुसवे हिने काढलेले. खोलीला लागून सगळं आहे म्हणे. म्हणजे इतकी वर्षं इथे काय अडचणच होती?

त्याच दिवशी मोठ्या जावेचा फोन आला. आवाजात मध. “अगं, येऊ दे त्यांना, आमच्याकडे काही कमी नाही. इथे दिवे बंद करायला मागे कुणी फिरत नाही, एवढंच.”

“ते असं म्हणाले?”

“ते कशाला म्हणतील? साधा माणूस आहे. पण आपल्याला कळतं ना.”

फोन ठेवून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “तुमच्या वडिलांना माझ्या काटकसरीचा जाच होतोय.”

“बाबा तसं बोलणार नाहीत.”

“मग का चाललेत?”

“माणसाला कधी बदल हवासा वाटतो.”

“खुर्चीची जागा बदलली तर त्यांना जेवण जात नाही. आणि घर बदलायचंय?”

नवरा पेपर उलटा घडी करून पुन्हा तेच पान वाचायला लागला. ती मात्र त्या आठवड्यात मनातल्या मनात रोज भांडत होती. कधी जावेशी, कधी बाबांशी. वाया घालवत नाही हा काय गुन्हा झाला? बरं, पंखा नाही कमी करणार. दिवा राहू दे जळत. मुद्दाम तिने बाबांच्या खोलीतला दिवा चालू ठेवला, तर बाबांनी स्वतः उठून तो बंद केला. आता काय करायचं या माणसाचं?

ती एका गणवेशाच्या कारखान्यात कटर होती. लांबच लांब टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, त्यावर पुठ्ठ्याचे साचे मांडून खडूने आखायचं आणि मग यंत्राने सगळे थर एकदम कापायचे. साचे असे मांडायचे की मधे कमीत कमी कापड उरावं. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या टेबलाखालचं कात्रण मुठीत मावायचं, असं बाकीच्या बायका म्हणायच्या, निम्म्या कौतुकाने आणि निम्म्या वैतागाने, कारण मग सुपरवायझर त्यांच्या टेबलाखाली वाकून बघायचा.

त्या शुक्रवारी जाकिटांचं काम होतं. कापड कॉर्डरॉयचं, मऊ, लव असलेलं. तसल्या कापडावरून एका दिशेने हात फिरवला की ते फिकं दिसतं आणि उलट फिरवला की गडद; म्हणून सगळे साचे एकाच दिशेने मांडावे लागतात, मग भले कापड थोडं जास्त जावो. हे तिला झोपेतही आलं असतं. पण त्या दिवशी डोक्यात जावेचा मधाळ आवाज होता. कॉलरचा साचा उलटा फिरवला तर एका कोपऱ्यात बरोब्बर बसत होता, एक अख्खी पट्टी वाचत होती. तिने फिरवला, आखला आणि यंत्र चालवलं.

शिवणाऱ्या बाईने पहिलं जाकीट उचलून धरलं तेव्हा कॉलर वेगळ्याच रंगाची दिसत होती. गठ्ठ्यातल्या सगळ्याच.

मग कुणीतरी म्हणालं, “बाईंच्या हातून कापड वाया? आज सूर्य कुठून उगवला?”

सुपरवायझर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता कॉलर हातात घेऊन उजेडात फिरवत राहिला. “वाचवायला गेलात आणि घालवून बसलात,” तो म्हणाला. “बाई, तुमचं लक्ष नाही. आज घरी जा. सोमवारी नीट डोक्याने या.”

भर दुपारी ती रस्त्यावर आली. या वेळी घरी जायची सवयच नव्हती. ती इतकी भरभर चालली की कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, “काय ताई, काही पेटलंय का?” जिन्याखाली मीटरसमोर पाय थांबले, पण ती वाकली नाही. सरळ वर गेली.

घरात कुणी नव्हतं. बाबा न्हाव्याकडे गेले होते. थोरल्याकडे जायचं म्हणून केस कापायला. त्यांची बॅग खोलीत दाराशी उभी, अर्धी भरलेली. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने बॅग ओढली आणि कपड्यांच्या घड्या नीट करायला घेतल्या. दाढीचा ब्रश, चष्म्याची डबी, जुने मोजे, सगळं बॅगेत होतं. खिडकीत नेच्याची कुंडी होती, ती मात्र राहणार असं दिसत होतं. कुंडी बाबांचीच. काय माजली होती ती. पानं कठड्यावरून खाली आली होती, हिरवीगार, टवटवीत. तिला वाटलं, निदान हिला तरी आपलं घर मानवलं.

मग तिच्या मनात आलं, या आठवड्यात आपण हिला पाणी घातलं कुठे?

तिने मातीत बोट खुपसलं. माती चिंब होती. कुंडी उचलायला गेली तर ती दगडासारखी जड. खालची बशी काठोकाठ भरलेली, पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. उशाशी बाटली होती, सकाळी हिनेच गळ्यापर्यंत भरून ठेवलेली. अर्धी झाली होती. रोज संध्याकाळी ती रिकामी व्हायची आणि हिला बरं वाटायचं की म्हातारा माणूस पाणी नीट पितोय.

ती बशी ओतायला न्हाणीत गेली. बशीला शेवाळ धरलं होतं, ते चोळून काढायला तिने नळ सोडला. सवयीने बारीक. सुतळीएवढी धार लादीवर पडायला लागली, मोरीत शिरायला लागली. आणि तिला एकदम जाणवलं की आपल्याला लघवीला लागली आहे. कारखान्यातून निघताना नव्हती लागलेली, घरात शिरताना नव्हती. नुसता तो आवाज.

बशी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. लेक तान्ही होती तेव्हा हीच न्हाणी, हाच नळ. पोरीला मोरीशी धरायची आणि नळ बारीक सोडायची. पोर काही करत नसली तरी धार ऐकली की लगेच व्हायची. सासूबाईंनीच शिकवलं होतं ते. आणि दाराबाहेर बाबा उभे राहून म्हणायचे, “झाली का गं? नाहीतर यंत्र चालू करू?”

बाबा नळ विसरले नव्हते.

तिने टकटक केली, तेव्हा धार थांबली. त्यानंतरची ती शांतता तिला आता ऐकू आली, तेव्हा नव्हती आली. घामेजलेलं कपाळ, कोरडे हात. आणि मग आपण जेवणाच्या ताटावर सगळ्यांना हसत सांगितलेला चोर. त्यानंतर त्यांनी नळ सोडला नाही. नळ नाही तर होत नाही, होत नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि बाटली भरलेली दिसली तर सूनबाई विचारेल म्हणून ती नेच्याला. खोलीलाच लागून सगळं आहे तिथे, म्हणजे दाराशी टकटक करणारं कुणी नाही.

नळ चालूच होता. ती बंद करायला विसरली होती.

बाबा आले तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. केस बारीक कापल्यामुळे चेहरा आणखी सुकलेला दिसत होता. ओठांना भेगा पडल्या होत्या. इतके दिवस ताट वाढताना त्या ओठांकडे तिने पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं.

“आज लवकर?” त्यांनी विचारलं.

“हो. पाणी देऊ?”

“नको. आत्ताच प्यायलो न्हाव्याकडे.”

तिला सगळं बोलून टाकावंसं वाटलं. पण काय बोलणार? सून सासऱ्याला काय विचारणार, आणि सासरा सुनेला काय सांगणार? उघड बोललं तर बॅग रविवारपर्यंतही थांबायची नाही. ती ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फिरत राहिली, जिन्यावर नवऱ्याच्या बुटांचा आवाज येईपर्यंत. तिने त्याला दारातूनच स्वयंपाकघरात ओढलं.

“उद्या बाबांना डॉक्टरकडे न्या.”

“का? काय झालं?”

“लघवीला त्रास होतोय त्यांना. तुम्ही विचारा. तुम्ही मुलगा आहात.”

“तुला कुणी सांगितलं?”

“नळाने,” ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात सगळं सांगितलं. नेचा, बाटली, टकटक.

तो टोपी हातात फिरवत ऐकत राहिला. “आमच्या डेपोत निम्मे ड्रायव्हर पाणी पीत नाहीत,” तो शेवटी म्हणाला. “रस्त्यात थांबायला जागा नाही म्हणून. मला कळायला हवं होतं.” आणि थोड्या वेळाने, “हे माणसाला त्याच्याच घरात करावं लागलं.”

ते वाक्य तिच्यासाठी नव्हतं, तरी तिलाच लागलं.

शनिवारी बापलेक डॉक्टरकडे जाऊन आले. वयाने प्रोस्टेटची ग्रंथी वाढली होती. औषधाने फरक पडेल, पण पाणी तोडलं तर त्रास वाढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवऱ्याने हे तिला डोळ्यांनीच निम्मं सांगितलं. बाबा सरळ आपल्या खोलीत गेले आणि बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला. गोळ्या मिळाल्या होत्या, पण टकटक काही गोळीने पुसली जाणार नव्हती. चारचौघांत झालेलं हसंही नाही.

ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून जुनी पत्र्याची बादली काढली. न्हाणीत निळी प्लास्टिकची होती, पण तिच्यात पाणी पडलं तर आवाज होत नाही. पत्र्याची बादली घासून तिने नळाखाली ठेवली, धार सोडून बघितली. टणटण वाजली. मग ती हात पुसत बाबांच्या दाराशी गेली.

“बाबा, एक काम होतं तुमच्याकडे.”

“माझ्याकडे? मी उद्या चाललो.”

“जाईपर्यंत तरी करा. लादी पुसायला पाणी लागतं आणि माझी धावपळ होते. तुम्ही आत जाल तेव्हा नळ सोडून ती बादली भरायला लावत जा. बारीकच सोडा, जोरात सोडलं की शिंतोडे उडतात. भरायला वेळ लागेल. लागू दे.”

बाबांनी चष्मा काढला. तिच्याकडे बघितलं, मग खिडकीतल्या नेच्याकडे. कुंडीची बशी घासून कोरडी करून तिथे ठेवलेली होती. त्यांची नजर त्या बशीवर थांबली. तिने आपली नजर दाराच्या कडीवर ठेवली.

“आणि मीटर?” त्यांनी विचारलं.

“मीटरचं काय? पाणी वापरायचंच आहे. वाया कुठे जातंय?”

“रोज किती लागतं तुला लादीला?”

“लागेल तेवढं. आता कपाटांखालूनही पुसणार आहे मी.”

“जिनासुद्धा पुसशील.”

“जिनासुद्धा.”

बाबा बराच वेळ चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिले. “आणि मी गेल्यावर कोण भरणार?”

“तोच प्रश्न आहे,” ती म्हणाली. आणि घाईने पुढे बोलली. “दुसरं कुणी मोकळं नाही घरात.”

ती परत स्वयंपाकघरात आली, तांदूळ धुवायला घेतले, एकदा धुतलेले पुन्हा धुतले. कान मागे लागलेले. बॅगेची चेन वाजली, पण उघडली की बंद झाली ते कळलं नाही. मग पावलं आली, न्हाणीची कडी वाजली.

काहीच नाही. ती तांदळात हात घालून उभी.

मग पत्र्यावर धार पडली. टणटणत, उघडपणे, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. लेकीने पुस्तकातून मान वर केली. मीटरबाईने खुर्ची ओढली आणि बसली. बादली भरू लागली तसा आवाज बदलत गेला, आधी कर्कश, मग भरीव, मग जाड. आणि मग पाणी काठावरून लादीवर सांडल्याचा आवाज आला.

तिचा अंगठा हलायला लागला. तिने एका पायावर दुसरा पाय घट्ट दाबून धरला.

“आई, बादली भरून वाहतेय,” लेक म्हणाली.

“वाहू दे.”

लेक पुस्तक मिटून स्वयंपाकघराच्या दारात आली. आईच्या कपाळाला हात लावून बघावा की काय, असा तिचा चेहरा झाला होता. “तू बरी आहेस ना?”

“मुकाट बस जरा,” मीटरबाई म्हणाली. “आत बोलणं ऐकू जातं.”

धार चालूच होती. पलीकडच्या खोलीत, आरशाखालच्या फळीवर, बाबांचा दाढीचा ब्रश परत उभा करून ठेवलेला तिला बसल्या जागेवरून दिसत होता.